रंगाचा वास गेला म्हणजे हवा साफ झाली का?

खंडेनवमी-दसरा तोंडावर आला की गाडीवरचे जुने ओरखडे एकदम डोळ्यांत खुपायला लागतात. एका दरवाजाच्या डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेजवाला जे पैसे सांगतो, ते ऐकून मनात येतं, हे आपणच का करू नये? छोटा कॉम्प्रेसर, स्प्रे गन, कोड सांगितला की मिसळून मिळणारा रंग, वरून मारायचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर आणि त्यात घालायचं, तो थर कडक करणारं हार्डनर, सगळं विकत मिळतं. गन कशी धरायची, हात किती वेगाने फिरवायचा, हे व्हिडिओवाले मन लावून शिकवतात. शिकवणाऱ्याच्या तोंडावर मात्र बऱ्याचदा नुसता रुमाल असतो.

घरी रंगकाम करताना बहुतेक जण नाकावर विसंबतात. वास उग्र आला की दार उघडायचं, वास गेला की काम झालं. ही कसोटी फसवी आहे, कारण या कामात सर्वांत घातक असलेल्या पदार्थाला, म्हणजे हार्डनरमधल्या आयसोसायनेटला, सांगण्यासारखा वासच नसतो.

आधी ज्याला वास असतो त्याचं बघू. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशी द्रावकं कमीजास्त प्रमाणात असतात. कामाच्या ठिकाणच्या हवेत दिवसभरासाठी टोल्युइनची सरासरी १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वर जाऊ नये, असं कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेची 'नायोश' ही संस्था सांगते. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी बंद पार्किंगची जागा धरली आणि हिशोब केला, तर जेमतेम २० मिलिलिटर, म्हणजे चार चमचे टोल्युइन उडालं की ती पातळी गाठली जाते. एक दरवाजा रंगवून गन धुवायला याच्या कित्येक पट थिनर सहज लागतं. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची पहिली लक्षणं. वर्षानुवर्षं अशा हवेत काम करणाऱ्या रंगाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर आणि एकाग्रतेवर परिणाम होतो, हे डेन्मार्क-स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकापासून लक्षात आणून दिलं. वर नाकही लवकर सरावतं. अर्ध्या तासाने ‘आता वास कमी झाला’ असं वाटतं तेव्हा हवा तशीच असते, दमलेलं असतं ते नाक.

द्रावकांचा दुसरा धोका आगीचा. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत पसरते, उतारावरून वाहते आणि खड्ड्यात साचते. पेट घेण्याइतकी वाफ व्हायला टोल्युइनचं तापमान अवघं ४ अंश सेल्सिअस असलं तरी पुरतं. आपल्याकडे एवढी थंडी कुठे पडते? म्हणजे वर्षभर केव्हाही धोका आहेच. ठिणगी कुठूनही येते: दिव्याचं बटण, इन्व्हर्टर, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, अगदी पलीकडच्या खोलीतल्या देवघरातली समई. वाफ बाहेर काढायला म्हणून लावलेला स्वयंपाकघरातला साधा एक्झॉस्ट पंखासुद्धा या जागी धोक्याचाच, कारण सगळी वाफ त्याच्या मोटरवरून आणि वायरींवरून जाते.

आता हार्डनर. गॅरेजात ज्याला ‘पीयू’ किंवा ‘टू-के’ रंग म्हणतात, त्यात रंग किंवा क्लिअर आणि हार्डनर हे दोन घटक ऐनवेळी मिसळतात. ‘पीयू’ म्हणजे पॉलियुरेथेन; त्याचं हे रसायनशास्त्र जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलं. हार्डनरमधले आयसोसायनेट गट रंगातल्या रेणूंना एकमेकांशी घट्ट जोडतात, म्हणून तो थर उन्हापावसाला, पेट्रोलच्या थेंबाला दाद देत नाही. आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला भोपाळ आठवतं, आणि ते साहजिक आहे. पण १९८४ च्या डिसेंबरात तिथे गळलेलं मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळणारं, पटकन वायू होणारं. गाडीच्या हार्डनरमधलं कूळ तेच असलं तरी रेणू मोठे आणि जड. डबा नुसता उघडा ठेवला तर ते फारसे उडत नाहीत. गनचा घोडा दाबला की गोष्ट बदलते: दाबाची हवा त्या द्रवाचे बारीक थेंब करते, आणि त्यातले सर्वांत बारीक थेंब श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात. शरीरातल्या प्रथिनांशीही आयसोसायनेट तितक्याच उत्साहाने जोडलं जातं, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

ब्रिटनमध्ये हवेतल्या सगळ्या आयसोसायनेट गटांची मिळून मर्यादा घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे. वर धरलेल्या पार्किंगच्या जागेत ही मर्यादा गाठायला सगळं मिळून साधारण १ मिलिग्रॅम पुरतं. हार्डनरचा एकच थेंब तुषार होऊन त्या खोलीत पसरला तर मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली जाते. जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी निम्म्याहून जास्त पत्र्यावर न बसता हवेतच राहतो, हेही लक्षात घ्या. वास यायला लागण्याइतकी मात्रा या मर्यादेच्या फार वर असते. म्हणजे वास आलाच तर तो इशारा म्हणून उपयोगाचा नाही.

गाड्या रंगवणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या तुलनेत सुमारे ८० पट असतो, असं ब्रिटनची आरोग्य व सुरक्षा यंत्रणा ‘एचएसई’ सांगते. या दम्याची चाल विचित्र आहे. काहींना पहिल्यांदा काहीच होत नाही. काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षं. दरम्यान शरीराने या पदार्थाशी वैर धरलेलं असतं. मग एक दिवस छाती आवळते, आणि तीही पुष्कळदा काम चालू असताना नव्हे, तर चार-आठ तासांनी, रात्री झोपेत. माणूस म्हणतो, हवा बदलली, थंड पाणी प्यायलो. रंग दुपारी मारला होता, त्याच्याशी खोकल्याचा संबंध कोण लावणार? एकदा हे वैर पक्कं झालं की मर्यादेच्या खूप खालची मात्राही झटका आणू शकते. त्यावर औषधं आहेत, पण ते वैर मोडणारं औषध नाही. त्या पदार्थापासून कायमचं लांब राहणं एवढाच उपाय उरतो. त्वचेवर हार्डनर सांडल्यानेही ही ॲलर्जी सुरू होऊ शकते असं मानायला आधार आहे, म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेत. हात थिनरने धुण्याची गॅरेजातली सवय तर सर्वांत वाईट.

मास्कच्या बाबतीत लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. करोनाकाळात घरोघर आलेला एन-९५ धूळ आणि थेंब अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही. कोळशाचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांची गाळणी असलेला रबरी अर्धा मास्क थिनरसाठी आणि साध्या, हार्डनरविना वाळणाऱ्या रंगासाठी चांगला. पण कार्ट्रिज संपलं हे कळतं वास यायला लागला की, आणि आयसोसायनेटला वास नाही. त्यामुळे व्यावसायिक रंगारी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरतात. तोही गनचा घोडा सोडल्याबरोबर काढायचा नसतो. ‘फिनिश कसं आलंय बघू’ म्हणून मास्कची काच वर करणं ही रंगाऱ्यांची जुनी खोड. तुषार दिसेनासे झाले तरी हवेत असतात. आणि दाढी असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसावा लागणारा कुठलाही मास्क नुसता शोभेचा.

घरच्या रंगकामातली खरी अडचण वेगळीच आहे. क्लिअरच्या ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून शटर खाली ओढावं लागतं आणि फुप्फुसांसाठी ते वर हवं असतं. पावसाळ्यात दमट हवेने रंग पांढुरका पडतो म्हणून तर लोक खिडक्याही लावून घेतात. स्प्रे बूथ हा पेच सोडवतो: छतातून गाळलेली हवा खाली येते, तुषार घेऊन जमिनीतून बाहेर ओढली जाते. चांगल्या बूथमधली हवा काही मिनिटांत साफ होते. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती सोय नाही, उलट जिना आणि लिफ्टच्या पोकळीतून वाफ वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांपर्यंत पोचते. सोसायटीत यावरून भांडण झालं तर माझं मत तक्रार करणाऱ्याच्या बाजूने.

‘वॉटरबेस’ रंग घेतला की सगळं सुरक्षित, हा आणखी एक भाबडा समज. बेस कोट, म्हणजे खालचा रंगीत थर, पाण्यातला असला तरी त्यावरचं क्लिअर बहुधा हार्डनरवालंच असतं. घासण्याच्या धुळीबद्दल थोडक्यात: भारतात २०१७ पासून रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. जुन्या गाडीच्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसं, क्रोमेट असू शकतं. कोरडं घासू नका. वॉटर पेपर घ्या, पाणी मारत घासा, आणि ते पाणी मुलं खेळतात तिथे सोडू नका.

मग घरी काय करावं? ओरखडा बुजवणं, पुट्टी भरणं, वॉटर पेपरने घासणं, टच-अपच्या ब्रशने रंग लावणं हे उघड्यावर, मास्क-हातमोजे घालून होतं. हार्डनर नसलेला स्प्रे कॅन मोकळ्या अंगणात वारा पाठीवर घेऊन, थोड्या भागापुरता चालेल. हल्ली असेही कॅन मिळतात ज्यांच्या बुडाशी पिन दाबली की आत हार्डनर सुटतं. कॅन छोटा असला तरी तो टू-केच. लेबलवर आयसोसायनेट किंवा हार्डनर दिसलं तर ते काम बूथ असलेल्या गॅरेजला द्या आणि बाकीची तयारी घरी करून पैसे वाचवा. दमा असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये. रंगकामानंतर त्याच रात्री किंवा पुढच्या दिवसांत खोकला, घरघर, छातीत आवळल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना रंगाचं आणि हार्डनरचं नाव सांगा, जमल्यास डब्याचा फोटोच दाखवा.

उरलेलं, मिसळलेलं रंगद्रव्य डब्यात घट्ट बंद करून ठेवू नका. आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो; हार्डनरच्या डब्यात पावसाळी हवेतली ओल शिरली तरी झाकण फुगून वर येतं. मिसळलेला रंग उघड्या डब्यात, घराबाहेर, पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी वाळू द्या. थिनर गटारात ओतायचं नाही, आणि स्प्रे कॅन मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरायचा नाही. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो, आणि उन्हातल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं.