चेहऱ्याचा लकवा: गालावरच्या करंटपासून हातातल्या आरशापर्यंत

बेल्स पाल्सी झाली, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, की आजही पहिला सल्ला ठरलेला असतो: गालाला करंट लावून घ्या आणि फुगे फुगवा. यातल्या करंटची परंपरा जुनी आहे. १८६२ साली पॅरिसमधल्या एका डॉक्टरने विजेच्या साह्याने चेहऱ्याचा एकेक स्नायू हलवून, त्याचे फोटो काढून पुस्तक छापलं. चेहऱ्याची शीर, म्हणजे स्नायू हलवणारा मज्जातंतू, जागी होईपर्यंत स्नायू सुकू नये म्हणून बाहेरून तो हलवत ठेवायचा, हा विचार पुढे फिजिओथेरपीत रुजला आणि शंभर वर्षं फारसा कुणी तपासला नाही.

खरा बदल १९८०च्या सुमारास झाला, आणि तो घडवला अर्धवट बऱ्या झालेल्या रुग्णांनी. शीर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने परत वाढते, पण वाढताना तिचे तंतू वाट चुकतात. ओठांकडे जायचा तंतू पापणीच्या स्नायूत शिरतो. मग माणूस हसला की डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं, मान आवळते. याला सिंकायनेसिस म्हणतात. अशा चेहऱ्यात ताकद कमी नसते, हालचालींची सरमिसळ झालेली असते. त्याला जोर लावायला सांगितलं तर सरमिसळच पक्की होते. फुगे फुगवायला माझा विरोध आहे तो याचसाठी.

अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या थेरपिस्टांनी म्हणून उलट रस्ता धरला. नेदरलँड्समध्ये तर मूकाभिनय करणारा कलावंतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांबरोबर कामाला लागला. चेहऱ्याच्या स्नायूंत ताण ओळखणारी यंत्रणा जवळपास नसते, म्हणून आपला गाल किती वर गेला हे आतून नीट कळत नाही. आरसा त्यासाठी लागतो. आरसा समोर धरून ओठांचा चंबू करायचा, अगदी हळू, आणि डोळा बारीक व्हायला लागला की तिथेच थांबायचं. पुन्हा थोडं कमी करायचं. कंटाळवाणं काम आहे, महिनोन् महिने चालतं. नऊ महिन्यांहून जुना त्रास असलेल्या ५० रुग्णांवरच्या डच चाचणीत अशा थेरपीने चेहऱ्याचा ताठरपणा कमी झाला आणि ओठांची हालचाल सुधारली.

वाद पेटला तो पुढे. २०११च्या एका मोठ्या आढाव्याने करंटचा फायदा सिद्ध होत नाही असं म्हटलं. व्यायामाच्या बाजूने पुरावा होता, पण तोही कच्चा. पाठोपाठ २०१३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने बेल्स पाल्सीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. १६ वर्षं आणि त्याहून मोठ्या रुग्णांना ७२ तासांच्या आत स्टेरॉइड द्या, डोळा जपा, हे ठामपणे सांगितलं. फिजिओथेरपीबद्दल मात्र शिफारस करायचीच नाही असं ठरवलं, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही.

पुराव्याच्या काटेकोर हिशेबात हा निर्णय बरोबर होता. डेन्मार्कच्या २००२ साली छापलेल्या अभ्यासात औषध न घेताही ७१ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. इतके जण आपसूक बरे होत असतील तर कुठल्याही उपचाराला यश मिळाल्यासारखं वाटतं. करंटची कीर्ती टिकली तीही मला वाटतं अशीच.

पण त्या निर्णयात दोन वेगळे रुग्ण एकाच दावणीला बांधले गेले. पहिल्या आठवड्यात घाबरून आलेला रुग्ण वेगळा, आणि वर्षभराने हसताना डोळा मिटतो म्हणून फोटो काढू न देणारा वेगळा. पहिल्याला बहुधा वेळ, स्टेरॉइड आणि डोळ्यात थेंब पुरतात. दुसऱ्याला आरशासमोरचं प्रशिक्षण लागतं, आणि गरज पडली तर सोबत जास्त ओढणाऱ्या स्नायूत तो सैल करणाऱ्या बोटॉक्सचं इंजेक्शन. शिफारस नाही याचा अर्थ उपयोग नाही असा लावला गेला, तर त्याची किंमत या दुसऱ्यालाच मोजावी लागते: त्याला थेरपिस्टकडे पाठवलंच जात नाही, किंवा पाठवलं तर पुन्हा करंटच्या मशीनवर बसवलं जातं.