ऑक्टोबरचा टी-शर्ट आणि नागपूरचे पोट्टे

२०२० च्या ऑक्टोबरात टी-शर्टसाठी पाठवलेल्या फालतू कोड-बदलांवरून भारतीय विद्यार्थ्यांवर टीका झाली; ती समजायची तर आधी नागपूरची गोष्ट पाहायला हवी. नागपुरात सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखी आधी पडद्यावर झाल्या, प्रत्यक्ष भेटी मागून आल्या. याचं मुख्य कारण म्हणजे कामाच्या जागा उशिरा आल्या. अंबाझरीजवळचं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, त्यामुळे शिकलेल्या मुलांची इथे कधीच वानवा नव्हती. पण मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रात मोठ्या आयटी कंपन्या खऱ्या अर्थाने कामाला लागेपर्यंत नव्या शतकाचं पहिलं दशक सरलं होतं. तोवर पदवी हातात पडली की पुण्याची गाडी, हाच शिरस्ता. ऑर्कुटवर (२००४ ते २०१४) बॅचच्या कम्युनिट्या होत्या, पण तिथे कोडपेक्षा वॉक-इन (थेट मुलाखत) कुठे आहे आणि कोथरूडला खोली मिळेल का, याचीच चर्चा जास्त.

२००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट) आणि गिटहब (कोड ठेवायची आणि वाटून घ्यायची साइट) एकाच वर्षी सुरू झाले आणि निदान प्रश्न विचारण्यापुरतं तरी शहर आडवं येईनासं झालं. मात्र नागपूरच्या गर्दीला त्यात उतरायला आणखी आठ वर्षं लागली. २०१६ च्या सुरुवातीला व्हॉट्सअॅपने ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ केली, सप्टेंबरात जिओ आलं आणि होस्टेलच्या खोलीखोलीत डेटा वाहू लागला. 'प्लेसमेंट ग्रुप १', 'प्लेसमेंट ग्रुप २' अशी पिलावळ याच काळातली. त्यात पुण्याला नोकरीला गेलेले मोठे भाऊ आणि जाऊ पाहणारे लहान भाऊ एकत्र आले, आणि 'दादा, रेफरल मिळेल का?' (म्हणजे तुझ्या कंपनीत माझी शिफारस करशील का?) हे नागपुरी नेटवर्किंगचं मूळ वाक्य ठरलं. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. कॅम्पसवर न येणाऱ्या कंपनीच्या दारापर्यंत पोचायचा तोच एक रस्ता होता.

रेफरल मागायचं तर दाखवायला काहीतरी हवं, म्हणून गिटहबवर रोजच्या कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन रेझ्युमेत शिरले. गंमत म्हणजे सलग किती दिवस काम केलं हे दाखवणारा आकडा गिटहबने मे २०१६ मध्येच काढून टाकला होता. लोक त्या आकड्यासाठीच जगू लागले, अशी तक्रार होती. आपल्याकडे तेव्हा कुठे चौकोन मोजायला सुरुवात होत होती.

हॅक्टोबरफेस्टचा वाद या सगळ्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो, नाहीतर तो नुसताच 'भारतीय विद्यार्थ्यांनी घाण केली' एवढाच उरतो. २०१४ पासून एक अमेरिकी होस्टिंग कंपनी दर ऑक्टोबरला, सर्वांना खुल्या (ओपन सोर्स) प्रकल्पांना लोकांनी हातभार लावावा म्हणून, हा उपक्रम चालवते. २०२० चा नियम असा होता: महिनाभरात चार पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या कोडात सुचवलेला बदल) पाठवा, पहिल्या ७० हजारांत या, टी-शर्ट घ्या, किंवा त्याऐवजी एक झाड लावून घ्या. त्या वर्षी कॉलेजं बंद, पोट्टे घरी, इंटर्नशिपा रद्द. सीनियर ज्याला 'इंडस्ट्रीचं' मानतील असं काहीतरी घरबसल्या मिळवायची ही संधी होती. कॉलेजांच्या क्लबांनी गूगल मीटवर वर्ग घेतले. त्यांतल्या बहुतेकांत पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची हे शिकवलं गेलं; का पाठवायची, हे फारसं नाही.

१ ऑक्टोबरलाच पूर आला. कुणाच्या तरी चालत्या प्रकल्पाची रीडमी (ओळख करून देणारी) फाइल उघडायची, शीर्षकात 'अमेझिंग' हा शब्द घालायचा, कमिटला (बदलाच्या नोंदीला) 'इम्प्रूव्ह डॉक्स' असं नाव द्यायचं आणि पाठवून द्यायचं. अशा रिक्वेस्ट हजारोंनी आल्या. पलीकडे प्रकल्प सांभाळणारे लोक, बहुतेक बिनपगारी, त्या एकेक करून बंद करत बसले. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. बोट मात्र एका हिंदी यूट्यूब वाहिनीकडे आणि तिथून सरसकट भारतीय मुलांकडे वळलं. चार हा आकडा कुणी ठरवला, प्रकल्पाच्या मालकाला न विचारता त्याचा दरवाजा कुणी उघडा ठेवला, हे प्रश्न मागे पडले.

आयोजकांनी पहिल्याच आठवड्यात, उपक्रम चालू असताना नियम बदलला. आता ज्या प्रकल्पाने स्वतःहून 'हॅक्टोबरफेस्ट' हा टॉपिक (खुणेचा शब्द) लावला असेल त्यातलीच रिक्वेस्ट मोजायची, किंवा मालकाने 'स्वीकारली' असं लेबल लावलं तर. मालकांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, खरं तर पहिल्या दिवसापासून हवा होता. पण त्याची झळ वेगळीकडेही लागली. ज्यांनी नीट बग शोधून दुरुस्त केला होता, पण ज्यांच्या प्रकल्पाच्या मालकाला टॉपिकबिपिकशी देणंघेणं नव्हतं, तेही पुढच्या मोजणीतून बाहेर पडले. उलट ज्यांनी स्वतःच 'हॅलो वर्ल्ड' छापाचे (नवशिक्याच्या पहिल्या धड्याचे) रिपॉझिटरी, म्हणजे कोडचे साठे, उघडून वर टॉपिक चिकटवला, त्यांच्याकडे रांगा लागल्या. मित्राने मित्राची रिक्वेस्ट मर्ज करायची (कोडात सामील करून घ्यायची) आणि दोघांनी टी-शर्ट मिळवायचा. खोटेपणा संपला नाही, त्याने फक्त घर बदललं.

शिवाय मोजमाप पुल रिक्वेस्टचंच राहिलं. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पाँटून या साधनावर वर्षानुवर्षं चालतं, पण तिथे एखाद्या मुलीने दोनशे वाक्यं मराठीत आणली तरी तिच्या नावावर एकही पुल रिक्वेस्ट चढत नाही. २०२२ मध्ये आयोजकांनी कोड नसलेल्या कामाचंही स्वागत केलं, तरी दरवाजा पुल रिक्वेस्टचाच ठेवला. २०२३ मध्ये टी-शर्टच बंद झाला आणि डिजिटल बॅज आला. लिंक्डइनवर तोही मिरवता येतोच.

पुढच्या घडामोडी पटापट आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये स्लॅक या गटांच्या गप्पांच्या अॅपच्या फुकट खात्यात ९० दिवसांपलीकडचं काही दिसेना, आणि ज्या गटांनी तिथे संसार थाटला होता त्यांची जुनी उत्तरं गडप झाली. त्याच वर्षाच्या शेवटी व्हॉट्सअॅपची मर्यादा १,०२४ वर गेली, म्हणजे ग्रुप १ आणि २ एक करायला हरकत नव्हती. ते कुणी करत नाही, कारण दोन्हीकडे अॅडमिन वेगळे. आयटी पार्क ते माटे चौक रस्त्यावरच्या टपऱ्यांवर मात्र संध्याकाळी चहाच्या घोटासोबत ज्या ओळखी झाल्या, त्यांना ना मर्यादा लागली ना अॅडमिन.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि डिसेंबरातच स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरं टाकायला बंदी केली. हल्ली तक्रार एआयने लिहून दिलेल्या पुल रिक्वेस्ट आणि बग अहवालांची आहे. कर्लसारख्या (इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन) जुन्या प्रकल्पाने २०२५ मध्ये त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. 'अमेझिंग' शब्द घालणारी रिक्वेस्ट बघताक्षणी ओळखू यायची. या नव्या अहवालांतलं खोटं काय ते ठरवायलाच तास जातो. काही प्रकल्पांनी आता नवख्यांच्या कामाला आधी ओळख, मग पाठवणी अशी अट घातली आहे. ती ओळख नागपुरातून करून घ्यायची म्हणजे पुन्हा पुण्या-बंगळुरूत बसलेल्या एखाद्या दादालाच मेसेज टाकावा लागतो.