डायव्हर पाण्यात, मग सुपरवायझर वर बसून करतो काय?

पुलाचे खांब, जेटी, समुद्रातल्या पाईपलाईनी यांवर काम करणारा डायव्हर सगळ्यांना भारी वाटतो, पण त्याचा सुपरवायझर बार्जवर (सपाट तळाच्या कामाच्या बोटीवर) डायव्हरची हवा आणि संपर्क सांभाळणाऱ्या पॅनेलसमोर बसलेला असतो आणि डाइव्ह चालू असताना त्याला तिथून हलता येत नाही. मुंबई बंदरासारखं गढूळ पाणी असलं की कॅमेऱ्यातही काही धड दिसत नाही, मग सगळी भिस्त कानावर. हेल्मेटमधून श्वास सतत ऐकू येत असतो, तो भरभर व्हायला लागला की समजायचं गडी दमला, कार्बन डायऑक्साईड साठतोय, लगेच सांगायचं काम थांबव, हेल्मेटमध्ये हवा सोड.

खोली मोजायची पद्धत तर इतकी साधी आहे की मला फार आवडते. डायव्हरला जाणाऱ्या होसच्या जुडग्यात एक बारीक नळी असते, तिचं खालचं टोक डायव्हरच्या छातीपाशी उघडं. वरून हवा सोडून नळीतलं पाणी बाहेर ढकलायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा, आता नळीतल्या हवेचा दाब म्हणजेच बाहेरच्या पाण्याचा दाब, तो गेजवर थेट मीटरमध्ये वाचता येतो. ना बॅटरी ना सेन्सर.

खोलीवरून ठरतं किती वेळ थांबायचं. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, त्यामुळे नायट्रोजन जास्त विरघळतो आणि माणूस घाईत वर आला तर त्याचे शरीरात बुडबुडे होतात. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये कुठल्या खोलीवर किती थांबत वर यायचं याची कोष्टकं छापली, तेव्हापासून टप्प्याटप्प्याने वर यायची पद्धत आहे.

पण बांधकामाच्या डायव्हिंगमध्ये मला याहून भयंकर वाटतो तो दाबातला फरक. धरणाचं गेट, पाईपचं तोंड, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. 10 मीटर पाण्याचा फरक असला तर दर चौरस मीटरला 10 टन जोर, म्हणजे 30 इंची पाईपचं तोंड अंगाने बंद झालं तर साडेचार टन! वरून होस ओढून काही उपयोग नाही. त्यात भोकापासून अंतर दुप्पट झालं की ओढ साधारण चौथाई होते, म्हणून लांबून कळतच नाही आणि कळतं तेव्हा फार जवळ गेलेलं असतं.

25 फेब्रुवारी 2022 ला त्रिनिदादमध्ये पॉइंट-अ-पिएरला हेच झालं. पाच डायव्हर पाण्याखालच्या कोरड्या चेंबरमध्ये 30 इंची पाईपलाईनवर काम करत होते, पाईपमधला माल आधी काढल्याने आत पोकळी राहिली होती, पाईपचं तोंड बंद करणारा प्लग निघाला आणि पाचही जण आत खेचले गेले. एकच वाचला.

म्हणून सुपरवायझरचं खरं काम डायव्हर भिजायच्या आधीचं, कुठला व्हॉल्व्ह बंद केला, कोणी केला, त्याला लावलेल्या कुलपाची किल्ली कोणाकडे, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला का, आणि हे तोंडी नाही, कागदावर. क्लायंट मागे उभा राहून "दहा मिनिटांचं तर काम आहे" म्हणत असला तरी. इम्का (IMCA) या समुद्री कामांच्या कंत्राटदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत डाइव्ह सुरू करायचा हुकूम फक्त सुपरवायझर देऊ शकतो, क्लायंट नाही.