लॅपटॉपचा ऑडिओ जॅक आणि मुके स्पीकर

लॅपटॉपच्या कडेला असलेला ३.५ मिमी व्यासाचा जॅक हेडफोनला आवाज पुरवतो आणि पिन आत आहे की नाही, हेही यंत्राला कळवतो. पिन शिरली की जॅकमधील धातूचे बारीक पाते सरकते, ध्वनिचिपला संकेत मिळतो आणि ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, अंगभूत स्पीकर बंद करते. हे पाते वाकले, अडकले किंवा त्यावर कीट चढले, तर पिन काढल्यावरही हेडफोन लागलेलाच आहे असा लॅपटॉपचा समज राहतो. हेडफोनवर आवाज स्वच्छ, स्पीकर मात्र मुके आणि आवाजाच्या यादीत पिन नसतानाही हेडफोनचेच नाव, ही या बिघाडाची खूण होय. ध्वनी प्रकाशाच्या रूपात बाहेर पाठवण्याची सोय असलेल्या जुन्या मॅकबुकमध्ये अशा वेळी जॅकच्या आत लाल उजेडही दिसतो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. खिडकीतल्या कूलरच्या झोतात टेबल असेल, तर ओलसर हवा आणि धूळ दोन्ही या उघड्या छिद्रात शिरतात व पात्यावर कीट धरते. सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी काही गोष्टी घरीच पाहता येतात. आवाज एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीकडे किंवा ब्लूटूथ इअरफोनकडे वळलेला नाही ना, हे आधी पाहावे. लिनक्सवर अल्सामिक्सर या आवाज-नियंत्रक प्रोग्राममधील ‘ऑटो-म्यूट’ (पिन लागताच स्पीकर आपोआप बंद करणारी सोय) बंद करताच स्पीकर बोलू लागले, तर दोष जॅकच्या संकेतातच आहे. विंडोज नव्याने टाकण्याची घाई अशा वेळी बहुधा वाया जाते, कारण पाते तिथेच अडकलेले असते.

लॅपटॉप बंद करून टॉर्चच्या उजेडात जॅकमध्ये पाहावे. पिनेचे तुटलेले टोक आत राहिलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. ते नसेल, तर पिन अनेकदा आत-बाहेर करावी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेला बारीक बोळा फिरवून जॅक पूर्ण वाळू द्यावा. सुई घालू नये, कारण तिने पाते कायमचे वाकते. एवढ्याने भागले नाही, तर जॅक बदलावा लागतो: तो पट्टीच्या केबलने जोडलेल्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल तर काम सोपे, मदरबोर्डावरच डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असेल तर ते कुशल हाताचे.

हेडफोन आणि स्पीकर दोन्ही गप्प असल्यास संशय ड्रायव्हरवर किंवा ध्वनिचिपवर घ्यावा. स्पीकरची तपासणी कारागीर त्याची जोडणी बोर्डावरून सोडवून करतात. मल्टिमीटरवर ४ किंवा ८ ओहमच्या आसपास रोध दिसला, तर त्याची कॉइल शाबूत आहे.