शून्य आठ म्हणजे किती?

एका पतसंस्थेच्या कार्यालयात दर महिन्याला दोन रात्री बॅकअप होत नसे. हे लक्षात यायलाच बरेच महिने गेले, कारण एरवी सगळं सुरळीत चालायचं. रात्री दीड वाजता विंडोजचा टास्क शेड्यूलर एक छोटी बॅच फाइल चालवायचा आणि ती फाइल नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवायची. डिस्क दोन होत्या, सम तारखेला एक आणि विषम तारखेला दुसरी. एखादा दिवस चुकला की वीज गेली असेल, केबल सैल झाली असेल, कुणी संगणक बंद करून गेलं असेल, असं म्हणून विषय मिटायचा. शेवटी तिथला हिशेब पाहणाऱ्या ताईंनी चुकलेल्या तारखा वहीत उतरवल्या आणि मला फोन केला. "सर, मार्चमध्ये आठ आणि नऊ, एप्रिलमध्ये आठ आणि नऊ, मेमध्येही तेच. विजेला तारीख कळते का हो?"

ती फाइल मीच लिहून दिलेली होती, त्यामुळे शोधणंही माझ्याकडेच आलं. पण खरं काम ताईंच्या वहीनं केलं होतं. बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, हे तारीखवार मांडलं की निम्मं उत्तर समोर येतं. केबल सैल असती तर ती कुठल्याही दिवशी सैल असती.

बॅच फाइल म्हणजे काळ्या खिडकीत, म्हणजे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, एकेक करून टाइप करायच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेली साधी मजकुराची फाइल. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली तेव्हापासून ही सोय आहे, आणि आजच्या विंडोज ११ वरही ती चालते. लहान कार्यालयांमधली कितीतरी रोजची कामं अजून अशा दहा-वीस ओळींच्या भरवशावर चालतात. म्हणून त्या ओळी नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

पुढच्या आठ तारखेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. मी काळी खिडकी उघडली आणि तारखेला दोननं भागून बाकी काढणारी ओळ, तारखेच्या जागी ०८ घालून, हातानं चालवली. लगेच संदेश आला: संख्या अवैध आहे, संख्या दशमान, षोडशमान किंवा अष्टमान असायला हवी. त्या 'अष्टमान' शब्दातच सगळं होतं.

बॅच फाइलमध्ये गणित करणारी आज्ञा म्हणजे 'सेट', पुढे तिरकी रेघ आणि 'ए'. ही आज्ञा संख्या लिहिण्याची रीत सी या प्रोग्रामिंग भाषेकडून घेते, आणि सी भाषेत सुरुवातीला शून्य असलेली संख्या अष्टमान समजली जाते. अष्टमानात ० ते ७ एवढेच आकडे, सातानंतर थेट १०. ही रीत आली त्या काळच्या यंत्रांमधून. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स या कार्यप्रणालीची सुरुवात झाली ती पीडीपी-७ या संगणकावर, आणि त्याचा एक 'शब्द', म्हणजे तो एका वेळी हाताळायचा तो तुकडा, १८ बिटांचा (० किंवा १ अशा अठरा खुणांचा) होता. अठरा बिटांचे तीन-तीनचे सहा गट नेमके पडतात, आणि तीन बिटांत आठच आकडे मावतात. त्या यंत्रासमोर बसणाऱ्याला अष्टमान सोयीचं होतं. यंत्रं गेली, पण पुढच्या शून्याचा अर्थ भाषांमध्ये राहून गेला. पायथॉन या भाषेच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं तर असे शून्य लावलेले पूर्णांक लिहायलाच मनाई केली, इतका त्याचा त्रास होता.

आता तारखा पाहा. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून पहिला आठवडा बिनबोभाट जातो. ०८ आणि ०९ अष्टमानात अस्तित्वातच नाहीत. १० पासून पुढचं शून्य जातं आणि संख्या पुन्हा दशमान होते. दिवसाऐवजी महिन्यावर गणित करणारी फाइल असेल तर ती जुलैपर्यंत उत्तम चालते, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन्ही महिने, म्हणजे नेमकी गणपतीच्या दिवसांत, रुसते आणि ऑक्टोबरात आपोआप बरी होते. तोवर कुणीतरी संगणक फॉरमॅट केलेला असतो, आणि श्रेय त्याला जातं.

उपाय एका ओळीचा आहे. तारखेच्या दोन अंकांपुढे १ चिकटवायचा आणि उत्तरातून १०० वजा करायचे. ०८ चे होतात १०८, त्यातून १०० गेले की उरतात साधे ८.

पण चूक इतके महिने लपून का राहिली? बॅच फाइलमध्ये एखादी आज्ञा फसली म्हणून फाइल थांबत नाही, ती पुढच्या ओळीवर जाते. माझ्या फाइलमध्ये बाकी ठेवायची जागा रिकामी राहिली. पुढच्या ओळीत त्या रिकाम्या जागेची शून्याशी तुलना होती, म्हणजे वाक्याची एक बाजूच गायब. असं मोडकं वाक्य दिसलं की मात्र काळी खिडकी संपूर्ण फाइल सोडून देते. दोन्ही संदेश रात्री दीड वाजता, कुणी समोर नसताना, पडद्यावर येऊन गेले असणार.

तारीख आणि वेळ यांच्याशी बॅच फाइलचं नातं एकूणच नाजूक आहे. तारीख कुठल्या क्रमानं मिळेल हे विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. आपल्याकडे सहसा दिवस-महिना-वर्ष येतं. अमेरिकी सेटिंगवर आधी वाराची तीन अक्षरं, मग महिना, आणि मध्ये तिरक्या रेघा, ज्या फाइलच्या नावात चालतच नाहीत. सकाळी दहाच्या आधी वेळ घेतली तर नवाच्या पुढे शून्य न येता मोकळी जागा येते, आणि ती वेळ फाइलच्या नावात घातली की नावाचे दोन तुकडे पडतात. दुपारी तपासून दिलेली फाइल सकाळी नऊला का चालत नाही, याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

मोकळ्या जागेचा आणखी एक सापळा नवशिक्यांना हटकून लागतो. 'सेट क = ५' असं नीटनेटकं, बरोबरीच्या चिन्हाभोवती जागा सोडून लिहिलं, तर तयार होणाऱ्या नावात 'क' नंतरची मोकळी जागाही धरली जाते. मग नुसत्या 'क'मध्ये काय आहे असं विचारलं की उत्तर मिळतं, काहीच नाही. जागा सोडायची नाही आणि फाइलींचे पत्ते नेहमी दुहेरी अवतरणात ठेवायचे. या दोन सवयींनी खूप दुखणी टळतात.

टक्क्याच्या चिन्हाचं प्रकरण मात्र सवयीनं सुटत नाही, ते समजूनच घ्यावं लागतं. दोन टक्का चिन्हांमध्ये नाव लिहिलं की त्या जागी किंमत येते. प्रश्न आहे तो कधी येते याचा. कंसात लिहिलेल्या सगळ्या ओळी काळी खिडकी आधी एका दमात वाचते, वाचतानाच टक्क्यांच्या जागा भरून टाकते आणि मग कामाला लागते. छापून आलेल्या लग्नपत्रिकेसारखं आहे हे. नंतर कार्यालय बदललं तरी पत्रिकेवर जुनाच पत्ता राहतो. समजा बारा पावत्यांच्या फाइली आहेत. कंसात प्रत्येक फाइलीमागे मोजणीत एक मिळवायचा आणि मोजणी पडद्यावर दाखवायची, असं लिहिलं. पडद्यावर बाराही वेळा ० दिसतं. कंसाबाहेर आल्यावर तीच मोजणी दाखवली तर १२. मोजणी बरोबरच चालली होती. दाखवण्याची जागा मात्र काम सुरू होण्याआधीच भरून झालेली होती. यासाठी विंडोजनं दुसरी सोय ठेवली आहे, 'डिलेड एक्सपान्शन'. ती फाइलच्या सुरुवातीला चालू केली आणि टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हं वापरली की किंमत त्या-त्या क्षणी भरली जाते.

मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, आणि ती सुटते हे मला आवर्जून सांगायचं आहे. काळी खिडकी बॅच फाइल वाचताना एक कोड पेज, म्हणजे कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा तक्ता, धरून वाचते, इंग्रजी विंडोजवर सहसा ४३७ किंवा ८५०. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असं जुन्या पद्धतीचं कोड पेज कधी नव्हतंच. आपली लिपी तिथे थेट युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच मोठ्या तक्त्यातून, आली. 'पावती' या शब्दात पाच चिन्हं आहेत: प, काना, व, त आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, एकूण पंधरा. ४३७ धरून वाचणाऱ्या खिडकीला ती पंधरा अनोळखी अक्षरं वाटतात, आणि ती त्या नावाचं फोल्डर शोधत बसते. सुरुवातीलाच 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा दिली की वाचन यूटीएफ-८ मध्ये होतं आणि 'पावती' सापडते. जुन्या खिडकीत अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तरी घाबरू नका, तो फक्त फाँटचा प्रश्न असतो. फाइली व्यवस्थित कॉपी होतात. फाइल जतन करताना मात्र बीओएम नसलेलं यूटीएफ-८ निवडा. बीओएम म्हणजे सुरुवातीला लपून बसणारे तीन बाइट. ते पहिल्या आज्ञेला चिकटतात आणि ती ओळखूच येत नाही. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून नोटपॅड आपणहून त्यांच्याशिवाय जतन करतं.

एका चुकीबद्दल मात्र मला खरोखर भीती वाटते. फाइली पुसणाऱ्या 'डेल' आज्ञेपुढे फोल्डरचं नाव टक्क्यांमध्ये लिहिलं, त्यापुढे तिरकी रेघ आणि 'सगळं' सांगणारा तारा. काही कारणानं ते नाव रिकामं राहिलं, तर उरतं ते फक्त 'ड्राइव्हच्या मुळातलं सगळं पुसा'. आठ तारखेला माझ्या फाइलमध्ये जागा रिकामी राहिली होती, तशीच. पुसण्याआधी नाव रिकामं नाही ना, हे तपासणारी ओळ घालाच. आणि पहिल्यांदा चालवताना 'डेल'च्या आधी 'इको' लिहा, म्हणजे आज्ञा चालत नाही, नुसती छापली जाते. डोळ्यांनी वाचा, पटलं तरच 'इको' काढा.

शोधाची रीतही अशीच साधी असते. फाइलवर डबल-क्लिक केलं तर खिडकी चमकून बंद होते आणि संदेश वाचायला मिळत नाही, म्हणून आधी काळी खिडकी उघडायची आणि तिच्यातून फाइल चालवायची. आज्ञा पडद्यावर दिसू न देणारी वरची 'इको ऑफ' ओळ तात्पुरती काढली की प्रत्येक आज्ञा, टक्के भरून झाल्यावर नेमकी कशी झाली, ते दिसतं. हातानं चालवून बरोबर आणि शेड्यूलरनं चालवून चूक, असं असेल तर बहुतेक वेळा जागा बदललेली असते. शेड्यूलर काही सांगितलं नाही तर फाइल सिस्टिम३२ या फोल्डरमधून सुरू करतो, आणि तुमच्या लॉगिनमध्ये जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह त्याला दिसेलच असं नाही. रात्रीच्या कामांसाठी सगळे संदेश, चुकांसकट, एका लॉग फाइलमध्ये वळवून ठेवावेत.

पतसंस्थेच्या फाइलमध्ये मी १०० वजा करणारी ओळ घातली, लॉग सुरू केला, आणि शेवटी आणखी एक ओळ जोडली: कॉपी करणाऱ्या 'रोबोकॉपी' या आज्ञेनं काम संपल्यावर १ किंवा त्याहून मोठा आकडा परत दिला तर 'बॅकअप चुकला' असं लिही. जून महिन्याच्या आठ तारखेला सकाळी ताईंचा फोन आला. डिस्कवर फाइली सगळ्या होत्या, पण लॉगमध्ये लिहिलं होतं, 'बॅकअप चुकला'.

बहुतेक आज्ञा यश आलं की शून्य परत देतात, आणि मी तेच गृहीत धरलं होतं. रोबोकॉपीचं तसं नाही. तिचं शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं नवीन काही नव्हतं. १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. २ म्हणजे पोचायच्या ठिकाणी जास्तीच्या फाइली आहेत, ४ म्हणजे काही मेळ बसत नाही, आणि ३ आलं तर १ आणि २ दोन्ही. काही फाइली कॉपी होऊ शकल्या नाहीत, हे ८ पासून पुढे कळतं. 'इफ एररलेव्हल' ही तपासणी दिलेल्या आकड्याला किंवा त्याहून मोठ्याला लागू होते, त्यामुळे ओळ बदलायची गरज नव्हती, फक्त आकडा. मी ताईंना फोनवरच फाइल उघडायला सांगितली आणि त्यांनी १ पुसून तिथे ८ लिहिला.