फोनवरचा डॉक्टर आणि बोटावरचा चिमटा

परवा कोणीतरी म्हणालं, कोविडने एक बरं केलं, डॉक्टर मोबाईलवर आले, आता खेडं काय नि शहर काय सारखंच. मला हे अजिबात पटत नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून पेशंट तपासण्याच्या, गाइडलाइन्स आल्या, एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी ही घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कितीतरी पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागायची, तिथे तापाने फणफणलेला माणूस व्हिडिओ कॉल लावणार कसा?

आणि रेंज मिळाली तरी स्क्रीनमधून छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. कोविडचे काही पेशंट तर धड बोलत असायचे आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय तो आकडा, धोक्याइतका खाली, ८५! फोनवरच्या डॉक्टरची सगळी भिस्त हा आकडा दाखवणाऱ्या बोटावरच्या चिमट्यावर, ऑक्सिमीटरवर.

हे यंत्र मला भारी आवडतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरला की रक्त लालभडक, सोडला की काळपट. चिमट्यात दोन दिवे असतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, दुसरा न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० च्या आसपास. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त खातं, ऑक्सिजनवालं इन्फ्रारेड जास्त. पण बोटातली कातडी, हाड, शिरेतलं रक्त हे पण प्रकाश खातातच ना, मग धमनीतलं रक्त वेगळं ओळखायचं कसं? इथे कामी आले जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी. १९७४ मध्ये त्यांनी मांडलं की ठोक्यागणिक कमीजास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त, म्हणून तेवढा लुकलुकणारा भाग घ्या, त्याला स्थिर भागाने भागा, दोन्ही दिव्यांसाठी असं करा आणि मग त्या दोन उत्तरांचं गुणोत्तर काढा. कातडीचा रंग, जाडी सगळं कटून जायला हवं.

पण पूर्ण कटत नाही. गुणोत्तरावरून टक्के सांगणारा तक्ता निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांचं धमनीतलं रक्त तपासून बनवतात, आणि त्यात गडद कातडीची माणसं फार थोडी असायची. मेलॅनिन, म्हणजे कातडी गडद करणारं रंगद्रव्य, लाल प्रकाश जास्त शोषतं, आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात खरं सॅच्युरेशन ८८ च्या खाली, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा आणि कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के वेळा झालं. म्हणजे ज्यांना दवाखाना आधीच लांब, त्यांनाच यंत्राने "ठीक आहे, घरी थांबा" सांगायचं.

त्यात २०२१ च्या एप्रिलमध्ये कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढतो असे मेसेज फिरत होते. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच, फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन जाण्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्या नादात लोकांनी वेळ घालवला याचा मला अजून राग येतो.

एका आकड्यापेक्षा त्याच बोटावरचा फरक जास्त बोलतो. सहा मिनिटं चालायला लावायचं आणि सॅच्युरेशन घसरतंय का बघायचं, ते यासाठीच. उद्या परत बघायचं, परवा परत. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मध्ये आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. ज्या पाड्यावर ताई रोज पोचू शकते तिथे फोनवरच्या डॉक्टरला काहीतरी कळतं, नाहीतर पलीकडून फक्त "हॅलो, आवाज येतोय का" एवढंच.