घराच्या चित्रात घरची माणसे हवी असल्यास

कोकणातल्या आपल्या कौलारू घराचे जलरंगातील चित्र आमच्याकडून करून घेणारे बरेच ग्राहक, पूर्ण झालेल्या चित्राचा फोटो पाहिल्यावर कळवतात, "सुरेख झाले आहे, आता फक्त ओटीवर आजोबांना बसवा." ही इच्छा स्वाभाविक आहे; परंतु आमचा सर्वाधिक वेळ याच एका वाक्यापायी जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

जलरंग पारदर्शक असतो आणि त्यात पांढरे म्हणजे कोरा राखलेला कागद. आजोबांचे धोतर पांढरे दिसायचे असेल, तर तेवढी जागा रंगाच्या पहिल्या हातापासूनच सोडावी लागते. ओटीच्या आतला काळोख एकदा रंगवून झाला की तो ओल्या ब्रशने कितीही उचलला तरी डाग राहतो आणि कागद भुसभुशीत होतो. वरून जाड पांढरा रंग चढवता येतो, पण मग माणूस कात्रण चिकटवल्यासारखा दिसतो. एकदा भिडेखातर तसे करून दिले आणि शेवटी ते चित्र स्वखर्चाने नव्याने काढावे लागले. तेव्हापासून आम्ही माणसांसकट पेन्सिलचे रेखाटन आधी पाठवतो आणि आपला होकार आल्यावरच रंग कालवतो. त्यानंतर माणूस वाढवायचा झाल्यास ते नवे काम धरले जाते. हा नियम ताठर वाटेल, पण तो आपल्याच चित्रासाठी आहे.

चेहऱ्याविषयीही आधीच सांगितलेले बरे. चाळीस फूट रुंदीचे घर ११ × १५ इंची कागदावर घेतले, तर साडेपाच फुटी माणूस दोन इंचही भरत नाही आणि त्याचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होतो. एवढ्या जागेत नाकडोळे नव्हे, बसण्याची ढब ओळखू येते. त्यामुळे लग्नाच्या अल्बममधला छातीपर्यंतचा फोटो आमच्या फारसा कामाचा नसतो. एका ताईंनी फोटोऐवजी एवढेच लिहून पाठवले होते की आजी झोपाळ्यावर एक पाय दुमडून बसायची आणि सुपारी कातरताना तिची मान अडकित्त्याकडे, किंचित डावीकडे, कललेली असायची. तेवढ्यावर आजी झाली. चेहरेपट्टीच हवी असल्यास १५ × २२ इंची कागद घ्यावा आणि पूर्ण घराऐवजी ओटी-पडवीपुरतेच चित्र करावे, असे आम्ही सुचवतो; खर्च वाढतो, पण समाधान होते.

घराचा फोटो अंगणात उभे राहून, डोळ्यांच्या उंचीवरून काढावा. ड्रोनने टिपलेल्या घरात माणसेही वरून दिसावी लागतात, आणि डोक्याचे टक्कल पाहून कोणी खूश होत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे बारकावे शाबूत राहतात.

दोन माणसांपर्यंत वेगळे पैसे नाहीत. तिसऱ्यापासूनचा दर रेखाटनासोबत कळवला जातो. कुत्र्यामांजरांचे पैसे आम्ही घेत नाही, मात्र तीही आधीच कळवावीत.